पुराआधी बोट पाण्यात घाला: वर्षभर पडून असलेली यांत्रिक बोट मे महिन्यात कशी तयार करावी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ साली ते ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्यानंतर कृष्णा-वारणाकाठच्या बऱ्याच गावांत यांत्रिक बोटी आल्या. कुठं रबरी, कुठं फायबरची, मागं २५ किंवा ४० एचपीचं ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगायचं मशीन (आउटबोर्ड मोटर). पूर ओसरला की ही बोट ग्रामपंचायतीच्या गोदामात किंवा समाजमंदिरामागं ताडपत्रीखाली जाते. दोन पावसाळे बरे गेले तर दोन वर्षं तिच्याकडं कुणी बघत नाही. मग जुलैअखेर कोयनेतून विसर्ग वाढला, वारणा फुगली की एका रात्रीत तिची आठवण होते.

बोटीचं मशीन वापरून जेवढं झिजतं, त्याहून जास्त ते नुसतं पडून बिघडतं. पेट्रोल आटून चिकट होतं, रबर कडक होतं, उंदीर शिरतात. म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट ध्यानात ठेवा. ड्रममध्ये मशीन पाच मिनिटं फुरफुरलं म्हणजे बोट तयार झाली असं होत नाही. वजन घेऊन नदीत अर्धा तास पळाली, बंद करून गरम असताना पुन्हा चालू झाली, तरच ती तयार. खालची सगळी कामं त्या अर्ध्या तासासाठी आहेत.

काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करा. या दिवसांत हवा कोरडी असते आणि रबरी बोटीचं ठिगळ कोरड्या हवेतच नीट धरतं. जुलैच्या दमट हवेत तोच गम चार दिवसांत सुटतो. शिवाय इम्पेलर, सील असले सुटे भाग गावात मिळत नाहीत. मागवले तर यायला दिवस लागतात, आणि जूनमध्ये सगळ्यांचीच मागणी एकदम निघते.

आधी नुसतं बघा

बोट बाहेर सावलीत आणा. लगेच दोरी ओढून मशीन चालू करायचा मोह होतो, तो आवरा. मशीनवरचं झाकण काढा आणि आत डोकावा. उंदरानं घर केलं असेल तर वायरी कुरतडलेल्या असतात. सगळा कचरा हातानं काढा आणि प्रत्येक वायर शेवटापर्यंत बोटानं तपासा. कुंभारीण माशीकडं तर खास लक्ष द्या. मशीन चालू असताना मागच्या बाजूनं पाण्याची जी बारीक धार पडते, त्या भोकात तिला मातीचं घर करायला फार आवडतं. भोक बुजलं असेल तर पंप चांगला असूनही धार येत नाही आणि माणूस उगाच पंप खोलत बसतो. गवत कापायच्या मशीनचा जाड नायलॉनचा धागा घालून भोक मोकळं करा. लोखंडी तार घालू नका.

मागच्या पुरात मशीन पाण्यात बुडालं होतं का, हे गावात विचारून घ्या. बुडालेलं मशीन तसंच ठेवून दिलं असेल तर आत गंज चढलेला असतो आणि पिस्टन जाम असू शकतो. अशा मशीनची दोरी जोर लावून ओढलीत तर दोरी तुटेल, नाहीतर रिंगा मोडतील. प्लग काढा, भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून हळूच फिरवून बघा, तेही वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच. उलट फिरवलं तर खाली पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची पाती उलटी मुडपतात. एवढं करूनही हललं नाही तर मशीन मेकॅनिककडं द्या.

बोटीचं अंग

रबरी बोट घडी घालून ठेवली असेल तर घडीच्या रेषा आणि कोपरे आधी बघा. रबर तिथंच तडकतं आणि उंदीरही तिथंच लागतो. ती सकाळी हवा भरून सावलीत ठेवा. उन्हात ठेवली तर दुपारी आतली हवा फुगून शिवणींवर ताण येतो आणि रात्री थंडीनं दाब उतरला की गळती नसतानाही गळती वाटते. बहुतेक बोटींच्या बाजूच्या नळ्यांना ०.२ ते ०.२५ बार दाब लागतो. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो, तोच धरा. बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फाटला तरी बाकीच्यांवर बोट तरंगावी हा त्यामागचा हेतू. त्यामुळं प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे धरतो का ते बघायला हवं. एक कप्पा भरा, शेजारचा रिकामा ठेवा, आणि मधला पडदा हवा सोडत नाही ना ते तपासा.

बोट चोवीस तास भरलेली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब बघा. उतरला असेल तर बादलीत साबणाचा फेस करून ब्रशनं व्हॉल्व्ह, शिवणी आणि तळाच्या कडेवर लावा. बुडबुडे दिसतील तिथं खडूनं खूण करा. बऱ्याच वेळा दोष व्हॉल्व्हमध्ये अडकलेल्या वाळूचा निघतो. व्हॉल्व्ह उघडून धुतला की काम होतं.

ठिगळ लावायचं असेल तर बोट पीव्हीसीची (प्लॅस्टिकची) आहे की हायपेलॉनची (एक प्रकारच्या रबराची), हे आधी ठरवा. दोन्हींचा गम वेगळा असतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन यापैकी कशालाच चालत नाही, उन्हात ते सोडून देतं. दोन भाग मिसळायचा बोटीचाच गम आणा. जागा घासा, पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, डब्यावर लिहिलंय तेवढं वाळू द्या, मग दाबून बसवा. नंतर पूर्ण एक दिवस हवा भरू नका. इथं घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते.

फायबरच्या बोटीत हे सगळं नसतं, पण तिचं दुखणं आत लपलेलं असतं. मशीन टांगतो त्या मागच्या फळीत बऱ्याचदा लाकूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज येता येता एकदम बद्द आवाज आला तर तिथं लाकूड गेलंय. अशा फळीवर ४० एचपीचं मशीन लावून वेग घेतला तर मशीनसकट फळी निघून येऊ शकते. ही दुरुस्ती एम-सीलनं होत नाही, फायबरचं काम करणारा माणूसच लागतो. बारीक तडे मात्र घासून रेझिन आणि मॅट लावून गावात भरता येतात. आणि तळाचं बूच जागेवर आहे का बघा. वर्षभरात हरवतं ते बूचच. दोन जास्तीची बुचं आणून एक बोटीलाच दोरीनं बांधून ठेवा.

पेट्रोल: निम्मी बिघाडं इथंच

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पडून राहिलेलं मशीन चालू न होण्याचं सगळ्यात मोठं कारण जुनं पेट्रोल हेच असतं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको, उसापासून ते आपल्याच कारखान्यांत बनतं. गाडी रोज चालते, टाकी आठवड्यात संपते, म्हणून तिथं फारसं बिघडत नाही. बोटीच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने बसतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडं गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. मशीनचा पाइप तळातूनच ओढतो. त्यात टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं अशा मशीनमध्ये, आणखी एक धोका आहे. मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, तळाच्या थरात ते नसतं. म्हणजे मशीन कसंबसं चालू झालं तरी पिस्टनला वंगण मिळत नाही.

म्हणून जुन्या पेट्रोलवर दया दाखवू नका. "वास बरा येतोय, थोडं नवीन टाकू" हे नको. टाकी पूर्ण रिकामी करा. काढलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवलंत तर तळाचा वेगळा थर डोळ्यांना दिसेल. पोरांना हे एकदा दाखवाच, नंतर सांगावं लागत नाही. काढलेलं पेट्रोल नदीत किंवा गटारात ओतू नका. टाकी लोखंडी असेल तर आत टॉर्चचा उजेड पाडून गंज बघा. गंजकी टाकी बदललेली बरी.

आता पाइप. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये हातानं दाबायचा रबरी फुगा असतो. तो दाबून बघा. मऊ असावा, दाबल्यावर परत फुगावा, आणि चार-पाच दाबांत घट्ट व्हावा. कडक झाला असेल, चिरा पडल्या असतील किंवा किती दाबलं तरी घट्ट होत नसेल तर पाइपासकट नवा घ्या. फुग्यावर बाण असतो, तो मशीनकडं हवा. दोन्ही टोकांच्या जोडणीत बारीक ओ-रिंग असते. ती चेपली की तिथून हवा ओढली जाते आणि मशीन वेग घेताना गुदमरतं. गाळणी काढून धुवा किंवा नवी घाला.

कार्बोरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सोडून वाटीत काय पडतं ते बघा. पिवळसर चिकट माल पडला तर कार्बोरेटर खोलायलाच हवा. हे काम गावातला टू-व्हीलरचा गॅरेजवाला करू शकतो, त्याच्या रोजच्या कामातलंच आहे. त्याला दोन गोष्टी मात्र सांगा. जेटच्या भोकात तार घालायची नाही, भोक मोठं झालं तर मशीन कायमचं जास्त पेट्रोल खाईल. स्प्रे आणि हवेचा दाब एवढंच वापरायचं. आणि गॅस्केट फाटली तर कागदाची कापून लावायची नाही.

नवीन पेट्रोल घेताना ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकातलं धरा. बऱ्याच टू-स्ट्रोक ओबीएमला ५० ला १ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. ऑइल बोटीचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू थ्री लिहिलेलं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेनं थंड होणाऱ्या मशीनसाठी असतं, पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनमध्ये ते जळून राख धरतं. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर मिश्रण करायचंच नाही. तिथं मशीन उभं ठेवून कांडीवर इंजिन ऑइल बघा आणि जुनं असेल तर फिल्टरसकट बदला.

प्लग आणि ठिणगी

प्लग काढून टोकं बघा. थोडी काळी-तपकिरी असतील तर पुसून चालतील, पण पुराच्या कामासाठी मी म्हणेन नवेच घाला आणि जुने चांगले असतील तर सुट्या सामानात ठेवा. गॅप अनेक मशीनला ०.९ ते १ मिलिमीटर असते, पुस्तकात बघून घ्या. प्लगच्या भोकातून दोन थेंब टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि लाल दोरीची क्लिप (ही निघाली की मशीन बंद पडतं) काढून ठेवून चार-पाच वेळा हळू दोरी ओढा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींना तेल लागेल. मग क्लिप लावा, प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग ब्लॉकला टेकवा आणि सावलीत दोरी ओढून ठिणगी बघा. निळसर, कडक हवी. पेट्रोलचा डबा तेव्हा लांब ठेवा. ठिणगी नाहीच आली तर सगळ्यात आधी क्लिप आणि तिचा स्विच तपासा. कॉइल बदलायचा खर्च करून झाल्यावर दोष त्या स्विचच्या गंजलेल्या टोकात सापडतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

प्लग बसवताना आधी हातानं पूर्ण फिरवा, मग पाना लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत प्लग तिरका बसला तर हेड बिघडतं.

सेल्फ स्टार्ट असेल तर बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असावी. पण सेल्फ असलं तरी दोरीनं चालू करता येतंय का हे बघाच. ओढायची दोरी मधेच विसविशीत झाली असेल तर बदला.

इम्पेलर: सुटा भाग कसलाही येवो, हा आधी आणा

ओबीएम नदीचंच पाणी ओढून थंड होतं. ते पाणी वर चढवतो खालच्या भागातला रबरी पात्यांचा छोटा पंखा, म्हणजे इम्पेलर. बोट वर्षभर उभी राहिली की त्याची पाती एकाच बाजूला मुडपून तशीच कडक होतात. शिवाय पुराचं पाणी म्हणजे गाळ आणि वाळू. त्यात दोन-चार दिवस काम झालं तरी पाती आणि पंपाचं घर दोन्ही घासतात. इम्पेलर गेला तर मशीन काही मिनिटांत तापून जाम होतं, आणि ते नेमकं प्रवाहाच्या मध्यात होतं. त्यामुळं "चाललंय तोवर चालू दे" हा नियम इथं लावू नका. दरवर्षी मेमध्ये नवा घाला आणि काढलेला बरा असेल तर सुटा म्हणून ठेवा.

बदलायची पद्धत मशीनप्रमाणं थोडी वेगळी असते, पण क्रम साधारण असा. क्लिप काढा, प्लगच्या टोप्या काढा, गिअर न्यूट्रलला घ्या. गिअरचा दांडा वरच्या भागाशी जोडलेला असतो, तो सोडा. मग खालच्या भागाचे बोल्ट सोडा. एकजण खालून धरायला हवा, कारण भाग एकदम सुटून पडतो. उभ्या दांड्यावर पंपाचं घर दिसेल. ते उचललं की इम्पेलर. दांड्याच्या खाचेत एक बारीक चावी असते, ती मातीत पडली तर पूर्ण दुपार शोधण्यात जाते, म्हणून खाली पांढरं फडकं पसरा. घराच्या आतल्या पत्र्यावर खोल रेघा पडल्या असतील तर तोही बदला. नवा इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी लावा आणि दांडा घड्याळाच्या दिशेनं फिरवत घर खाली दाबा, म्हणजे पाती बरोबर बाजूला मुडपतील. वर जोडताना पाण्याची नळी तिच्या रबरात बरोबर शिरली का, हे बघितल्याशिवाय बोल्ट आवळू नका. जोडून झाल्यावर पुढचा, न्यूट्रल, मागचा असे तिन्ही गिअर हातानं लावून बघा.

आणि मशीन कोरडं चालू करायचं नाही. "फक्त एकदा चालू होतं का बघतो" म्हणूनही नाही. पाण्याशिवाय काही सेकंदांत नवा इम्पेलर जळतो.

गिअर ऑइल आणि पंखा

खालच्या भागाला दोन स्क्रू असतात. मशीन उभं ठेवून आधी खालचा आणि मग वरचा सोडा, तेल बाहेर येईल. काळसर असेल तर नेहमीचं. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलेलं आहे. तेल नुसतं बदलून भागणार नाही, सील बदलूनच पुढं जा. नवीन तेल खालच्या भोकातून नळीनं भरत वर आणायचं. वरून भरलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटूनही कमी राहतं. वरच्या भोकातून तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून खालचा. दोन्हींचे वॉशर नवे.

बोट ढकलणारा मोठा पंखा (प्रोपेलर) काढताना मागं तंगूस गुंडाळलेला हमखास सापडतो. मासेमारीच्या तुटलेल्या जाळ्यांचा हा नायलॉन दांड्याभोवती आवळत जातो आणि सील कापतो. दुधाळ तेलाचं कारण बऱ्याचदा तोच. सगळा काढा, दांड्याला बोटीचं ग्रीस लावा, पंखा बसवा आणि कॉटर पिन नवी घाला. जुनी सरळ करून परत वापरू नका. पात्यांच्या कडा वाकल्या असतील तर सरळ करून घ्या, नाहीतर मशीन थरथरतं.

गिअर आणि थ्रॉटलच्या केबल, मशीन वर-खाली करायची कडी, हँडलचा सांधा या सगळ्यांना ग्रीस द्या. मशीनचे बोटीला घट्ट करायचे दोन्ही स्क्रू आवळा आणि मशीन बोटीला साखळीनं किंवा जाड दोरीनं बांधा. स्क्रू ढिले झाले तर मशीन नदीच्या तळाशी जातं.

आधी ड्रम, मग नदी

पंखा काढून ठेवा, मोठ्या ड्रममध्ये मशीन उभं करा. पाणी पंख्याच्या जागेच्या लगेच वर असलेल्या आडव्या प्लेटच्या वरपर्यंत हवं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. हा बंद राहिला तर मशीन चालू होतं आणि थोड्या वेळात बंद पडतं. मग सगळे कार्बोरेटर खोलायला निघतात. फुगा घट्ट करा, क्लिप लावा, गिअर न्यूट्रल, चोक ओढा, दोरी आधी हळू ओढून दात लागले की झटक्यात ओढा. चालू झालं की डोळे त्या पाण्याच्या धारेवर. थोड्या सेकंदांत धार दिसली नाही तर बंद करा. दिसली तर दहा मिनिटं मंद वेगावर चालू द्या. मोकळ्या जागेतच हे करा, धुरात विष असतं.

नदीची चाचणी जिल्ह्यात मेमध्ये बंधाऱ्यानं अडलेल्या पाण्यावर करता येते. पण बंधाऱ्यापासून लांब, वरच्या बाजूला. तहसील कार्यालयाला आणि पोलिस पाटलांना आधी कळवा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळं बोट ढकलायला कमरेएवढ्या पाण्यात जास्त वेळ उभं राहू नका आणि काठावर एक माणूस नजर ठेवायला ठेवा.

बोटीत दोनच माणसं, दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट, लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. पहिल्या फेरीत रिकामी बोट चालवा, पुढचा-मागचा गिअर, वळणं बघा. मग वजन चढवा. बोटीवर सहाजणांची क्षमता असेल आणि माणशी ७५ किलो धरलं तर ४५० किलो होतात. चालवणारे दोघं धरून बाकी वजन पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या कॅननी करा. वाळूची पोती नकोत, बोट कलली तर ती सरकतात आणि तळ गाठतात. कॅन बांधून ठेवा. आता निम्म्या थ्रॉटलवर वीस मिनिटं, मग काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल. वेग घेताना मशीन दबकलं तर पेट्रोलची वाट तपासा. फक्त आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर पंख्याच्या मधलं रबर सुटलेलं असू शकतं. पाण्याची धार गरम येऊ द्या, पण वाफ नको. शेवटी मशीन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. पुरात माणसं चढवताना मशीन वारंवार बंद-चालू होतं, त्यामुळं ही चाचणी मी सगळ्यात वर धरतो.

परत आल्यावर किती पेट्रोल लागलं ते मोजा. ४० एचपीचं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण १५ ते २० लिटर खातं. म्हणजे २४ लिटरची टाकी तास-दीड तासाची. पुरात रस्ते तुटतात, टँकर येत नाही, पंप बंद होतात. तुमच्या बोटीचा खरा आकडा हातात असेल तरच किती साठा हवा हे ठरवता येतं.

माणसं किती

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली. ती घटना सांगली जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा क्षमतेचा आकडा कागदावर न ठेवता बोटीच्या दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवा: एकूण किती माणसं, चालवणाऱ्यासकट. पाण्यात उभा असलेला, घाबरलेला माणूस नियम ऐकत नाही, पण रंगवलेला आकडा दाखवून नाही म्हणणं चालवणाऱ्याला सोपं जातं. गाठोडी, सिलिंडर, शेळ्या हेसुद्धा वजनच आहे.

लाइफ जॅकेट एकेक उघडून बघा. पट्टे कुरतडलेत का, बकल लागतं का, शिट्टी आहे का. मग एकेक जॅकेट पाण्यात घालून वर थोडं वजन ठेवून बघा. जुना फोम पाणी पिऊन जड होतो, दिसायला मात्र चांगला दिसतो. लहान मुलांची जॅकेट वेगळी हवीत. मोठ्याचं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निघून जातं.

बोटीत कायम ठेवायच्या वस्तू एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा: दोन प्लग आणि प्लगपाना, कॉटर पिनी, छोट्या मशीनला लागते ती शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन), जास्तीची लाल दोरी, ओढायची दोरी, बूच, पेचकस, पक्कड. वल्ही दोन, तरंगणारी दोरी, बादली, टॉर्च आणि एक धारदार विळी. विळी केंदाळासाठी, म्हणजे जलपर्णीसाठी. पुरात केंदाळाचे गठ्ठे वाहत येतात आणि पंख्यात अडकतात. मशीन बंद करून, क्लिप काढूनच ते कापायचे.

ज्या वाटेनं बोट जाणार ती वाट मेमध्येच पायी चालून घ्या. कुठल्या मळ्यात विहिरीचा कठडा आहे, कुठं काटेरी तारेचं कुंपण आहे, विजेच्या तारा कुठं खाली झुकल्यात, हे पाणी चढल्यावर दिसत नाही.

जूनपासून पुरापर्यंत

तयार झालेली बोट परत विसरली जाऊ नये यासाठी दर आठ-दहा दिवसांनी ड्रममध्ये दहा मिनिटं मशीन चालवा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरून ठेवू नका. साधं पेट्रोल हवाबंद डब्यात, घरापासून आणि चुलीपासून लांब ठेवा आणि ऑइल टाकीच्या मापानं बाटल्यांत भरून वेगळं ठेवा. म्हणजे गरज पडली नाही तर महिन्याभरात ते पेट्रोल गाड्यांत घालता येतं आणि नवं आणता येतं.

बोट ठेवायची जागा पूरपट्ट्याच्या वर हवी. गोदामातच पाणी शिरणार असेल तर बोट तिथं ठेवून उपयोग नाही. २०१९ ची पाण्याची खूण अजून बऱ्याच भिंतींवर आहे, ती बघून जागा ठरवा. किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरांत, आणि ती दोन्ही घरं पाण्याबाहेर राहणारी.

पूर ओसरल्यावर मशीन त्याच आठवड्यात आवरा. स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये पंधरा मिनिटं चालवून गाळ बाहेर काढा. मग पेट्रोलचा पाइप काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. टाकी रिकामी करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, हळू दोरी ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल पुढच्या मेपर्यंत न थांबता आत्ताच बदला. पाणी शिरलं असेल तर ते वर्षभर गिअरवर बसून गंज धरतं. मशीन उभंच ठेवा, आडवं ठेवलं तर आतलं पाणी सिलिंडरकडं जातं. रबरी बोट धुऊन, पूर्ण वाळवून, थोडी हवा राहू देऊन ठेवा, भोवती डांबराच्या गोळ्या टाका. जॅकेट दोरीवर टांगा, ढीग करू नका. आणि काय बदललं, कधी बदललं, किती पेट्रोल लागलं हे बोटीच्या वहीत तारखेसह लिहून ती वही सुट्या सामानाच्या डब्यातच ठेवा.